निर्मलाबाईंची बंदूक आणि ओमेशचा विमा

पळसटोल्याच्या निर्मलाबाई पटले यांना नवी वस्तू दिसली की ती उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. गावात पहिल्यांदा धान कापायचं हार्वेस्टर आलं तेव्हा बाकीच्या बाया पदर सावरून लांब उभ्या होत्या, आणि या थेट यंत्राजवळ जाऊन पंजाबातून आलेल्या ड्रायव्हरला विचारत होत्या, दाणा इकडून पडते त तणीस कुठं जाते? त्याला मराठी येत नव्हतं, यांना पंजाबी. तरी दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं आणि शेवटी त्याने त्यांना वर चढवून सगळं दाखवलं.

पळसटोला गोरेगावपासून आत, जंगलाच्या कडेला. पटल्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, हे गावाचं शेवटचं टोक. त्यापलीकडे साग, मोह आणि रानडुकरं. निर्मलाबाईंचे यजमान उदाराम यांच्याकडे पीक राखायच्या परवान्याची एकनळी बारा बोर बंदूक होती. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ते नळीत काडतूस भरून देत आणि निर्मलाबाई हवेत बार काढत. डुकरं पळत, शेजारपाजारचे कुत्रे उठत आणि उदाराम म्हणत, "तुह्याच हाताचा आवाज मोठा येते व."

उदाराम गेल्यावर नातेवाइकांनी बंदूक ठाण्यात जमा करायचा सल्ला दिला. नागपुरात कारखान्यात असलेला मुलगा उमेंद्र फोनवरून तेच म्हणाला.

"काऊन जमा करू?" निर्मलाबाई म्हणाल्या. "डुकरं का माणूस पाहून येऊन राहिले? धान तं तेच आहे."

गोंदियाला बऱ्याच चकरा मारून त्यांनी वारस म्हणून परवाना आपल्या नावावर करून घेतला. तिथल्या साहेबांनी विचारलं, बाई, चालवता येते का? यांनी नळी कशी मोडायची, घोडा कसा ओढायचा आणि खांद्याला कपडा कायले लावायचा हे इतकं सांगितलं की साहेबांनीच हात वर केले. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात ठेवावी लागे. ती द्यायला गेल्या की हवालदाराला त्या विचारत, मतदान माणसांचं आणि बंदूक डुकरांवरची, मग हे जमा करणं कशापायी? हवालदार हसून पावती फाडी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी त्यांच्या बहिणीचा मुलगा ओमेश मोटारसायकलवरून आला. ओमेश विम्याचा एजंट. जनावरांचा, गाडीचा, माणसांचा, जो मिळेल तो विमा तो विकायचा. सून अंजूने त्याच्यासमोर चहा ठेवला, तेवढ्यात त्याने पिशवीतून एक रंगीत कागद काढला.

"मावशी, हे खास तुह्यासारख्यांसाठी निघालं आहे. बंदूक असणाऱ्यांसाठी."

"बंदुकीचा विमा? चोरी गेली त भरून देते का?"

"बंदुकीचा नाई. तुह्या केसचा. समज, घरात कोनी घुसलं. तू जीव वाचवायले गोळी चालवली. तो मेला का जखमी झाला, पोलीस पहिले तुलेच नेतील. वकील लागते, जामीन लागते, तारखा लागतात. तो सगळा खर्च कंपनी करते. तुह्यासारखी एकटी बाई, बाजूला जंगल. घ्यायलेच पाह्यजे."

"एकटी कशी?" आतून अंजू म्हणाली. "मी का भिंत आहे?"

निर्मलाबाईंनी कागद हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला. विकत घ्यायचा की नाही हा विचार त्यांच्या मनात अजून आलाच नव्हता. त्यांना फक्त आतलं यंत्र बघायचं होतं.

"डुकरावर चालवली आन जंगलवाल्यांनी केस केली, त?"

"नाई. फक्त स्वतःच्या बचावासाठी."

"बरं. माणसावर चालवली. पन तो बचाव होता का नाई, हे कोन ठरवते? तू, का कंपनी?"

ओमेशने चहाचा घोट घेतला. "कोर्ट ठरवते."

"कोर्ट तं शेवटी सांगते. वकील तं पहिल्याच दिवशी लागते. मग पैसे कोन्या दिवशी देते, पहिल्या का शेवटच्या?"

हे ओमेशला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याने स्वतःही कंपनीला विचारलं नव्हतं. तो म्हणाला, थांब, आत्ताच विचारतो. त्याने कंपनीचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. ओमेशने प्रश्न विचारला.

"सर, वकील का खर्चा हम शुरू से देते हैं," मुलगी म्हणाली.

ओमेशने विजयी नजरेने मावशीकडे पाहिलं. मावशी फोनकडे वाकल्या. "और बाई, हार गये तो?"

"जी?"

"कोर्ट बोला के नई, ये बचाव नई था, ये इसका गलती था. तो?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "मॅडम, उस केस में कंपनी दिया हुआ पैसा वापस माँग सकती है."

अंजू दारात येऊन उभी राहिली होती. ती खुदकन हसली. "म्हणजे जिंकलो त कंपनी आपली. हरलो त जेल आन वरून वसुली."

"एक और," निर्मलाबाईंना आता रंग चढला होता. "जिसको गोली लगा, उसके दवाखाने का कौन देता?"

"वो इसमें नहीं आता मॅडम. और बिना कंपनी से पूछे आप उससे कोई समझौता भी नहीं कर सकते."

फोन ठेवल्यावर ओमेशने कागदाची घडी केली. वाईट मुलगा नव्हता तो. गोड बोलून विमा गळ्यात मारायचा ही त्याची रीत नव्हती, पण आपण काय विकतो ते पुरतं ठाऊक नाही हे असं चारचौघांत उघडं पडल्याने त्याचे कान लाल झाले. निर्मलाबाईंना मात्र एवढ्यावर थांबवेना.

"ओमेश, अशी केस झालेला माणूस आपल्या भागात कोन आहे?"

ओमेशला एक नाव ऐकून माहीत होतं. दरेकशाचा मनीराम उईके. त्याने माणसावर बंदूक चालवली होती आणि कोर्टातून सुटला होता.

"मग चाल," निर्मलाबाई म्हणाल्या. "त्यालेच विचारू."

दोन दिवसांनी, आमगाव-सालेकसा करत दोघे मोटारसायकलवर दरेकशाला पोचले. चढ लागला की गाडी कण्हत होती आणि मागे बसलेल्या निर्मलाबाई रस्त्याच्या कडेला कुठल्या शेतात काय पेरलंय ते मोठ्याने सांगत होत्या. स्टेशनच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मनीरामचं घर. अंगण शेणाने सारवलेलं, कुडाला चुन्याची पट्टी ओढलेली. मनीराम खाटेवर बसून दोर वळत होता. साठीच्या पुढचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, पाणी आणून दिलं. "जय सेवा," तो म्हणाला. "राम राम," निर्मलाबाई म्हणाल्या आणि आल्याचं कारण आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

मनीरामला राग आला नाही. दोर वळत वळतच तो म्हणाला, "सांगतो. पन पुरं ऐका."

शेजारच्या गावातल्या एका माणसाला त्याने बैल विकला होता. बैल पुढे लंगडायला लागला. घेणाऱ्याचं म्हणणं पडलं की खोडीचा बैल गळ्यात मारला. बैठका झाल्या, मिटलं नाही. एका दुपारी तो माणूस दारू पिऊन, कुऱ्हाड घेऊन या अंगणात आला. रुख्माबाई धान वाळवत होती. तो तिच्यावरच धावला. मनीराम घरात होता. डुकरासाठी भरून ठेवलेली भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक भिंतीला टेकलेली होती.

"मी पायाकडं नेम धरला," मनीराम म्हणाला. "पन छऱ्याचा काय नेम बाई! गुडघा फुटला त्याचा."

पोलिसांनी दोघांनाही उचललं, एकाला ठाण्यात आणि एकाला दवाखान्यात. मनीरामवर जीव घ्यायच्या प्रयत्नाची केस झाली. काही महिने तो आत होता. मग जामीन, मग वर्षानुवर्षं तारखा. शेवटी कोर्ट म्हणालं, बायकोचा जीव धोक्यात होता, याने केलं ते बचावासाठी केलं. सुटला.

"मग विमा असता त कामाला आला असता न?" ओमेशने पटकन विचारलं.

"नाई," मनीराम म्हणाला.

"होय," रुख्माबाई म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. निर्मलाबाई सरसावून बसल्या.

तेवढ्यात कुडाच्या फाटकातून एक जाडसर माणूस काठी टेकत आत आला. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, तो बाजूने गोल फिरवून टाकत होता. त्याने कोणाला न विचारता मडक्यातलं पाणी ओतून घेतलं आणि मनीरामच्या खाटेवर बसला.

"हा नंदलाल," मनीराम म्हणाला. "यालेच लागली होती."

निर्मलाबाईंनी नंदलालच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग मनीरामकडे, मग पुन्हा गुडघ्याकडे.

"मग तुम्ही इथं कसे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

नंदलाल हसला. "चालत. जरा वेळ लागते." मग त्याने सांगितलं. त्याच्या पायाचं ऑपरेशन नागपूरला करायचं होतं आणि घरात कोणी कमावतं नव्हतं. जामिनावर सुटल्यावर मनीरामने आपली बैलजोडी विकली आणि पैसे नंदलालच्या बायकोच्या हातात नेऊन दिले.

"वकील लयच चिडला," मनीराम म्हणाला. "म्हणे, आरोपीनं जखमीला पैसे देनं म्हणजे गुन्हा कबूल करनं. समोरचा वकील तेच धरून बसेल. मी म्हटलं, बसू दे. गोळी मीच चालवली, हे तं साऱ्या गावाले माहीत आहे. तुमची कंपनी मले हे करू देत होती का?"

ओमेशला फोनवरच्या मुलीचं बोलणं आठवलं. त्याने मान हलवली. नाही.

"आन साक्षीले मी खरं बोललो," नंदलाल म्हणाला. "कुऱ्हाड माह्या हातात होती, मी बाईवर धावलो, हे कोर्टात सांगितलं. माह्या घरचे म्हनत, कायले सांगतो? पन याच्या बैलांच्या पैशावर माहा पाय जागेवर राहिला होता. खोटं कसं बोलू?"

मग रुख्माबाई पुढे आली. तिचा आवाज चढलेला होता.

"यांचं दोघांचं गोडच आहे. माणसं चांगली निघाली म्हणून सुटलो. नसती निघाली त? हे आत होते तेव्हा वकिलाच्या दारात कोन बसत होतं? मी. सासूची चांदी कोन विकली? मी. त्याले फी दिली का तो पुढची मागे. मले कोनी म्हणलं असतं, बाई, दर साली थोडंथोडं भर आन मग वकिलाची फिकीर नोको करू, त मी डोळे मिटून भरलं असतं. तुम्ही बंदूकवाल्याले नोका विचारू. ज्याले मागं धावा लागते त्याले विचारा."

परतताना निर्मलाबाई पहिल्यांदाच गप्प होत्या. शेतं मागे पडत होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं. सालेकशाला चहाला थांबले तेव्हा ओमेश म्हणाला, "मावशी, तुले काय वाटते?"

"मले दोन्ही खरं वाटून राहिलं. तेच तं कठीण आहे."

घरी आल्यावर त्यांनी अंजूला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. रुख्माबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "उद्या मी आत गेली, त धावपळ कोन करेल?"

"मी. आणखी कोन? हे तं नागपूरले राहतात."

"मग तूच सांग. घ्यायचा का?"

अंजू भात वाढत होती. ती सासूसारखी प्रश्नावर प्रश्न विचारणारी नव्हती. तिला एकच प्रश्न पडला, आणि तो तिने विचारला. "आई, तुम्ही माणसावर चालवान का?"

एवढ्या दिवसांत निर्मलाबाईंनी कंपनीला विचारलं, मनीरामला विचारलं, पण हे स्वतःला विचारलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ओसरीत अनोळखी माणूस, हातात कुऱ्हाड. तो आपल्याकडे येतोय. इथपर्यंत त्यांना काहीच वाटलं नाही. मग त्यांनी तो माणूस अंजूकडे जातोय असं मनात आणलं, आणि त्यांच्या उजव्या खांद्याला, जिथं दस्ता टेकतो तिथं, काहीतरी घट्ट झालं.

"तुह्यावर आलं त चालवीन," त्या हळूच म्हणाल्या. "बापा! मले माहीतच नव्हतं."

अंजूने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग वकील कोन ते आताच पाहून ठेवू. विम्याचं नंतर."

बाजाराच्या दिवशी दोघी गोरेगावला गेल्या. भाजी घ्यायच्या आधी कोर्टाच्या आवारात शिरल्या आणि विचारत विचारत अॅडव्होकेट रश्मी रहांगडाले यांच्या टेबलापर्यंत पोचल्या. रश्मी तिशीतली, चष्मा डोक्यावर चढवलेली. तिने विचारलं, "काय केस आहे?"

"केस नाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "होऊ शकते म्हणून आलो."

रश्मीला हसू आवरेना. "काकू, केस व्हायच्या आधी माझ्याकडे आजवर कोणी आलं नाही. बसा."

मनीरामची सगळी हकीकत ऐकून घेऊन तिने नीट समजावून सांगितलं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर आलं तर बचावाचा हक्क आहे, पण धोका असेल तेवढंच बळ. तो पळायला लागला की धोका संपला; पाठीत मारलेली गोळी बचावात बसवणं फार अवघड. पोलीस ठाण्यात धाव घ्यायला वेळ होता, तरी गोळी चालवली, हेही नाही चालत. आणि मग तिने असं काही सांगितलं की दोघी सासू-सुना एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तुम्ही बाई आहात. बाईवर केस झाली आणि तिने मागितला, तर वकील सरकारी खर्चाने मिळतो. तुमच्याकडे शेती किती, कमाई किती, हे कोणी विचारत नाही. इथंच विधी सेवा समितीत अर्ज करायचा. मी स्वतः त्यांच्या यादीवर आहे."

"मग ओमेश आमाले जे विकून राहिला होता, ते आमचं आधीच आहे?"

"वकिलापुरतं आहे. आता फुकटचा वकील म्हणून लोक नाक मुरडतात, आणि सगळे सारखे नसतात हेही खरं. मोठा वकील पाहिजे, गोंदिया-नागपूरचा पाहिजे, तर पैसे लागतातच. पण हातात काहीच नाही असं नाही."

"आन रुख्माबाईले हे कोनी काऊन नाई सांगितलं?"

"केस रुख्माबाईंवर नव्हती, नवऱ्यावर होती. पण ते आदिवासी आहेत ना? मग त्यांनाही मिळाला असता."

निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. सासूची चांदी, वकिलाच्या दारातल्या फेऱ्या. घराघरात माहीत असावी अशी ही गोष्ट त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या उठता उठता पुन्हा बसल्या. "आन ज्याले लागते, त्याच्यासाठी काही आहे का?"

"जखमीला सरकारकडून भरपाईची योजना आहे. पण तुम्ही सांगता त्यात तो स्वतःच कुऱ्हाड घेऊन गेला होता, वर्षंही उलटली. मला नाही वाटत मिळेल."

त्याच संध्याकाळी ओमेश घरी आला तेव्हा निर्मलाबाईंनी त्याला सरळ सांगितलं की त्या विमा घेणार नाहीत. त्यांची बंदूक डुकरांसाठी माळ्यावर जाते. माणसाशी तिची गाठ पडायचा संभव कमी, आणि पडलीच तर वकील कुठं बसते ते अंजूला माहीत झालं आहे. ओमेशने वाद घातला नाही. मनीरामच्या अंगणातून आल्यापासून तो कंपनीच्या माणसांना अटी विचारून विचारून हैराण करत होता.

पुढच्या महिन्यात त्याने तो विमा एकाला विकला. खेमराज नावाचा माणूस गोंदियात बँकेच्या नोटा नेणाऱ्या गाडीवर स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन उभा राहतो. ओमेशने त्याला आधी सगळे तोटे सांगितले, हरलास तर पैसे परत मागतील, जखमीशी परस्पर तडजोड करता येणार नाही. खेमराज म्हणाला, "भाई, मी रोज गर्दीत बंदूक घेऊन उभा राहतो. कोन कधी हात घालेल त्याचा भरोसा नाही. मालक म्हणते, केस झाली त तुझं तू पाह्य. मले पाह्यजे." आणि त्याने बायकोला विचारून सही केली. निर्मलाबाईंना हे ओमेशने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर केलं त्यानं. त्याच्या जागी मी पन घेतला असता."

नंदलालला त्यांनी फोन केला. भरपाईचं सांगितलं, मिळेल असं नाही, पण अर्ज करून पाहता येईल, रश्मीताई लिहून देईल, असंही सांगितलं. पलीकडे कुठेतरी रेल्वेगाडीची शिट्टी वाजली.

"बाई, कुऱ्हाड मी नेली होती," नंदलाल म्हणाला. "सरकार मले कशाचे पैसे देईल?" मग म्हणाला, "पन त्या वकीलबाईचा नंबर द्या. इकडं आमच्या गावात दोन पोरं आत आहेत, जंगलाच्या केसमध्ये. त्यांच्या माय रोज येऊन मनीरामले विचारून राहिल्या, आता काय करावं म्हणून."

निर्मलाबाईंनी अंजूला हाक मारली. अंजू हात पुसत आली, आपल्या फोनमधून नंबर काढला आणि एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचून दाखवला.